जागेचा विषय नाही, हे आधी सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा गिरगावात दोघंच राहतात. बाबा ८१, आई ७५. पागडीच्या, म्हणजे मालकीच्या नव्हे तर आगाऊ ठोक रक्कम भरून कायम भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. बाबा पोस्टातून निवृत्त. प्रश्न विचारणारी लेक बंगळूरला, धाकटा भाऊ आणि वहिनी डोंबिवलीला. पावसाळ्यात बाबा जिन्यात घसरले, हाड वाचलं. दिवाळीत ती चार दिवस येतेय. पुढचं काय, हा विषय काढला की बाबा ‘आम्हाला काय धाड भरलीये’ म्हणून उठतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. कसं बोलू?

ताई, वैद्यकीय समाजसेविका म्हणून मी २६ वर्षं काम केलं, त्यातली बरीच मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात. कॉटच्या पायथ्याशी उभी राहून भांडणारी भावंडं इतकी पाहिली की मोजणं सोडून दिलं. तरी स्वतःच्या वडिलांशी बोलताना मी माती खाल्लीच. परळच्या चाळीत, भाऊबीजेची जेवणं झाल्यावर, वही-पेन घेऊन बसले आणि म्हणाले, ‘‘अण्णा, पुढचं जरा ठरवून ठेवूया.’’ ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. माझ्याकडे नाही, दादाकडे बघून त्यांनी विचारलं, ‘‘जागेचं काय ठरवलंय तुम्ही दोघांनी?’’ आम्ही जागेचा ‘ज’ही उच्चारला नव्हता. पुढे वर्षभर आमच्या घरात तो विषय निघाला नाही, आणि निघाला तेव्हा त्यांची वाचा गेली होती.

तेव्हा कळलं ते आज प्रत्येक घराला सांगते. मुलं आजारपणाबद्दल बोलतात आणि आईबापांना ऐकू येते ती जागा. मुंबईत हे जास्तच, कारण आयुष्यभर राबून हाताशी राहिलेली एकच गोष्ट म्हणजे या दोन खोल्या. त्यात तुमची जागा पागडीची. म्हणजे बाबांची भीती नुसती म्हातारपणाची नाही, तिच्यामागे कायदा आहे, आणि चाळीतल्या माणसाला तो वकिलापेक्षा चांगला ठाऊक असतो.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा बघा. राहत्या जागेचा भाडेकरू गेला की भाडेहक्क जातो त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. असं कोणी नसेल तरच बाकीच्या वारसांचा विचार. मृत्युपत्रात ‘ही खोली लेकीला’ असं लिहून उपयोग नसतो, पागडीचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. दुसरं कलम याहून टोचणारं आहे. योग्य कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर घरमालकाला ती रिकामी करून मागण्याचा दावा लावता येतो. चाळीचा पुनर्विकास आज ना उद्या होणार, हे गिरगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अशा वेळी दाराला कुलूप दिसणं म्हणजे काय, हे बाबांना कोणी शिकवायला नको.

आता तुमची वाक्यं बाबांच्या कानाने ऐका. ‘‘थोडे दिवस बंगळूरला चला ना माझ्याकडे.’’ कुलूप. ‘‘आम्ही दोघं गिरगावात राहायला येतो,’’ हे तुमच्या भावाने म्हटलं, तर? खरं सांगा, तुमच्याही मनात क्षणभर काहीतरी आलंच ना? सांभाळायला येणारा आणि हक्क सांगायला येणारा, दोघं एकाच जिन्याने वर येतात. बाबा चिडतात ते म्हणूनच. त्यांना तुम्हा दोघांपैकी एकाला निवडायचं नाहीये, आणि तुम्ही दर सुट्टीत नकळत तेच करायला लावताय.

म्हणून सुरुवात भावापासून. दिवाळीच्या दोन आठवडे आधी फोन करा. आधी वहिनीला बोलू द्या. गेल्या सहा महिन्यांत डोंबिवलीहून लोकल पकडून किती वेळा यावं लागलं, डॉक्टरकडे कोणी नेलं, किती सुट्ट्या गेल्या, ते ऐका. मध्येच ‘मी पैसे पाठवतेच की’ म्हणू नका. या एका वाक्यावरून बोलणं तुटलेली घरं मला माहीत आहेत. तिचं सांगून झालं की मग ठरवा: जागेबद्दल तुम्ही दोघं एकच बोलणार, आणि ते बोलणं एवढंच असेल की आई-बाबा आहेत तोवर तो विषय त्यांचा. ते गेल्यावर भांडायचं तर खुशाल भांडा, माझी ना नाही.

मग घरी गेल्यावर, सगळ्यात आधी, मोठ्याने: ‘‘बाबा, जागेचा विषय नाही. जागा तुमची, तुम्ही दोघं म्हणाल तसं. तुम्हाला इथून हलवायचं असंही आमच्या डोक्यात नाही. इथेच राहायचं तर काय काय लागेल, तेवढंच बोलायचंय.’’ भावाने तिथेच बसून मान डोलावली पाहिजे. तुम्ही एकटीने म्हटलंत तर अर्धंच खरं वाटतं. आणि मनात हलवायचं असेल तर हे वाक्य म्हणू नका. म्हाताऱ्या माणसांना खोटं लगेच कळतं.

(वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या आईवडिलांचं घर मालकीचं आहे, त्यांच्यासाठी थोडं. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने द्यायला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर काय ते अधिभार. स्वस्त पडतं म्हणून भावनेच्या भरात दिवाळीतच बक्षीसपत्र करून मोकळे होणारे वडील मी पाहिलेत. मी नको म्हणते. मृत्युपत्र करा, ते हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच तर सांभाळण्याची अट त्यात शब्दांत लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ खाली, अट पाळली नाही तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. अट लिहिलेली नसेल तर सिद्ध करता करता दमछाक होते.)

चार दिवसांत कधी बोलायचं? लक्ष्मीपूजनाला अजिबात नाही. पाडव्यालाही नको, आई बाबांना ओवाळते तो दिवस त्यांचा आहे. जागेचं ते वाक्य सांगून झालं की पहिले तीन दिवस फक्त बघा. नरकचतुर्दशीला पहाटे आई बाबांना तेल लावेल तेव्हा जवळ बसा. पाठीची हाडं वर आलीत का, दंडावर न सांगितलेला काळानिळा डाग आहे का, मोरीत उठताना हात कशाला टेकतात. नळालाच धरत असतील तर तो नळ एक दिवस हातात येणार. स्वयंपाकघरात बघा, चकल्या घरच्या आहेत की विकतच्या. विकतच्या असतील तर ‘काय गं, यंदा आळस केलास’ म्हणू नका. माझ्या एका ओळखीतल्या आजींनी सोऱ्या माळ्यावर टाकला होता. पिळायला मनगटात जोर उरला नव्हता, आणि हे तीन वर्षं घरात कोणाला माहीत नव्हतं, कारण दुकानातल्या चकल्या त्या घरच्याच डब्यात भरत होत्या. डब्याचं झाकण उघडायला कोणाला बोलावतात, गोळ्यांच्या पाकिटांवर तारखा कुठल्या, विजेच्या बिलात मागची थकबाकी आहे का, दूध उतू जाऊन करपलेली पातेली किती. तोच तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर घरातल्या घरात ‘डिमेन्शिया’चा शिक्का मारू नका. थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि त्यावर उपचार आहेत. आधी डॉक्टर.

चौथ्या दिवशी, भाऊबीजेला, दुपारच्या जेवणानंतर, हाताला काहीतरी काम असताना बोला. शेंगा सोलणं, जुने फोटो लावणं, काहीही. समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. आणि ‘तुम्हाला पुढे काय हवंय’ हा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर नसतं. विचारा, ‘‘बाबा, आजीचं शेवटी कोणी केलं?’’

या ‘केलं’मध्ये सगळं येतं. बाबा सांगू लागतील. आजी किती महिने अंथरुणाला होती, रात्री कोण जागायचं, कोणत्या काकांनी पाठ फिरवली, कोणत्या शेजारणीने पेज आणून दिली. त्या गोष्टीत त्यांची स्वतःबद्दलची सगळी उत्तरं दडलेली असतात. ‘‘आईला शेवटी नळी घातली, ते मला पटलं नव्हतं,’’ हे एका काकांनी माझ्यासमोर मुलाला सांगितलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही मध्ये बोलू नका. ते थांबले तर थांबू द्या. मग एवढंच विचारा: ‘‘आणि तुम्हाला कसं चालेल?’’

उत्तर ‘मला उचलून न्यायची वेळच येणार नाही’ असं आलं, तर वाद घालू नका. त्याऐवजी आजचाच प्रश्न विचारा. ‘‘रात्री संडासला जाताना दिवा लावता का?’’ तुमच्या घराचं भविष्य त्या गॅलरीच्या लांबीएवढं आहे. अंथरुणापासून संडासापर्यंत किती पावलं, मध्ये उंबरे किती, पावसाचं पाणी कुठे साचतं, आई त्यांच्यासाठी उठते का. कमोडची खुर्ची हजार-दोन हजारांपासून मिळते, रात्रीपुरती खोलीत ठेवता येते, पण ती कोण रिकामी करणार हे आधी बोलावं लागतं. बाबांना लाज वाटेल. ‘आजीच्या वेळी भांडं होतंच की’ म्हटलं की जरा सोपं जातं. तिसऱ्या मजल्याच्या अरुंद लाकडी जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका खाली येईल, पण वरून खाली खुर्चीत बसवून चौघांनीच आणावं लागतं. ते चौघं कोण? गणपती मंडळाची पोरं असतील तर त्यांच्यापैकी दोघांचे नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेवा, नावापुढे ‘जिना’ लिहून.

आता आई. या सगळ्यात तिला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर ती म्हणते, ‘‘यांना विचारा.’’ तिच्याशी वेगळं बोला, भाजीला जाताना. मी असं का म्हणते, त्याचा हिशेब मांडते. बाबा केंद्र सरकारचे पेन्शनर. ढोबळमानाने मूळ पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, आणि ८० पूर्ण झाल्यावर त्यावर २० टक्के वाढ, म्हणजे पगाराच्या ६० टक्के. बाबा गेल्यावर आईला मिळणारी फॅमिली पेन्शन ३० टक्के, आणि तिची स्वतःची ८० वर्षं होईपर्यंत त्यावर ती वाढ नाही. म्हणजे ज्या महिन्यात ती एकटी पडेल, त्याच महिन्यात घरात येणारी मूळ रक्कम निम्म्यावर येईल. भाडं, वीज, औषधं काही निम्म्यावर येत नाहीत. मदतीला बाई ठेवायची वेळही नेमकी तेव्हाच येते. हे गणित आईला माहीत नसतं, बाबांना माहीत असतं आणि ते बोलत नाहीत. तुम्ही भाऊ-बहिणीने हा खड्डा कसा भरायचा ते आत्ता ठरवलंत, तर आईला पुढे कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. माझ्या अनुभवात बायकांची सगळ्यात मोठी भीती हीच असते, मरणाची नव्हे.

हा विषय काढायला तुमच्याकडे आयतं निमित्त आहे, हयातीचा दाखला. एरवी तो नोव्हेंबरात द्यायचा, पण ८० पूर्ण केलेल्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाच्या दारात पोस्टमन आला की गप्पांना काय कमी! त्या ओघात म्हणा, ‘‘बाबा, तुमची पीपीओ, ती पेन्शन मंजुरीची ऑर्डर, कुठे असते? त्यात आईचं नाव आणि जन्मतारीख आधारसारखीच आहे ना, बघूया.’’ स्पेलिंगमधल्या एका अक्षरापायी पेन्शनसाठी खेटे घालणाऱ्या विधवा मी पाहिल्यात. ही तपासणी बाबांना आवडेल. कागदपत्रं नीट ठेवणं हा त्यांच्या आयुष्यभराच्या नोकरीचा भाग होता, ते तुम्हालाच चार चुका दाखवतील. दाखवू द्या.

कागदांपैकी एकाच गोष्टीवर मी अडून बसते. मुलं म्हणतात, ‘आम्ही कुलमुखत्यारपत्र करून घेतलंय, आता काळजी नाही.’ काळजी आहे. आपल्याकडच्या कायद्यात, ज्याने मुखत्यारपत्र दिलं त्याचीच समज गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं, नेमका त्याच दिवशी तो कागद निरुपयोगी. माणूस कोमात असेल तर त्याच्या खात्यातल्या पैशासाठी कुटुंबाला पालक म्हणून नेमणूक मागायला हायकोर्टात जावं लागतं. त्यापेक्षा आत्ता, बाबा स्वतः सही करू शकतात तोवर, एका खात्यात आईचं नाव जोडून ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सोय करून घ्या आणि सहा महिन्यांचा खर्च त्यात ठेवा. आईला एटीएममधून पैसे काढता येतात का, ते सोबत जाऊन बघा. नुसती नॉमिनी असून हयातीत काही उपयोग नाही, आणि नॉमिनी म्हणजे मालकही नव्हे.

आयुष्मान वयवंदना कार्डाचंही विचारून घ्या. ७० पूर्ण असलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार, ऑक्टोबर २०२४ पासून. बाबांकडे सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, असेल तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं, म्हणून घाईने कार्ड काढू नका. आणि यातून घरी ठेवलेल्या मावशींचा पगार मिळत नाही, तो खिशातूनच जातो. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई घ्यायची तर बारा तासांची की चोवीस तासांची, हे जागा बघून ठरवा. दोन खोल्यांत चोवीस तासांची बाई झोपणार कुठे, जेवण कोणाचं, सुट्टीच्या दिवशी बदली येते का, हे आधीच विचारा. आईला तिच्या ओट्यावर दुसरी बाई चालेल का, हेही. बरेच प्रयोग तिथेच फसतात.

शेवटच्या उपचारांबद्दल बोलणं निघालंच तर मागे सरू नका. या पिढीला अरुणा शानबागचं नाव माहीत आहे. केईएम रुग्णालयातली ही परिचारिका हल्ल्यानंतर कधीच शुद्धीवर आली नाही, ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी तिचं सगळं केलं. ‘मला असं ठेवू नका’ हे वाक्य आपल्या घरांत बहुतेकदा तिच्या नावाने उच्चारलं गेलंय. शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं, त्या वैद्यकीय इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. पण पहिल्याच दिवाळीत बाबांपुढे तो कागद ठेवाल तर माझ्यासारखी गत होईल. बाबा जे म्हणाले ते घरी येऊन तारखेसह वहीत लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. भावाला त्याचा फोटो पाठवा. कागद पुढच्या खेपेला.

या खेपेला एकच गोष्ट पदरात पाडून घ्या. तुमच्या घरी ती खात्याची असावी असं मला वाटतं, पण बाबांनी संडासाच्या दिव्याचं मान्य केलं तर तेही चालेल. बाबा पुन्हा उठून गॅलरीत गेले तर जाऊ द्या. दहा मिनिटांनी चहा घेऊन शेजारी उभ्या राहा. काही बोलू नका, रस्ता बघा. बऱ्याचदा खरं वाक्य तिथेच येतं, तुमच्याकडे न बघता.

एक राहिलं. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं आहे का बघा. बाबा तिथे टेकत असणार. ते कोणी ठेवलंय, आईला विचारा. ज्यांनी ठेवलं त्यांच्या घरी फराळाचं ताट घेऊन तुम्ही स्वतः जा, आणि बाबा दिवसातून किती वेळा बसतात ते विचारून घ्या. ते खरा आकडा सांगतील.